मंडईवरचं नाव

कैवारी : आप्पा, यंदा अकरा एप्रिलला, जोतिराव फुल्यांच्या जयंतीला, गावात बोलायला मला सांगितलंय, आणि मला नेहमीचं बोलायचं नाही. आपल्या अवसरीत दर साली तेच होतं. तसबिरीला हार, भिडेवाडा, मुलींची शाळा, वाड्यातला हौद, आणि मग चहा. यातलं खोटं काहीच नाही. पण ऐकणाऱ्याला वाटावं, की हा माणूस सकाळी उठला की न्याहारी न करताच क्रांतीला निघायचा. घर कशावर चालायचं, पुस्तकं छापायला पैसा कुठून यायचा, हे कोणी विचारत नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं तेव्हा जोतिरावांनी स्वतःची ओळख काय लिहिली? समाजसुधारक नाही, सत्यशोधक नाही. व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर. पेठ जुना गंज. बस, एवढंच. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी ही त्यांची आणि सोबत्यांची कंपनी. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याचं धरण, या कामांशी त्यांच्या ठेक्यांचं नाव जोडलेलं आहे. मांजरीला शेती होती. १८७६ पासून सहा-सात वर्षं ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मी खडी-सिमेंटच्या धंद्यातला माणूस. मला तसबिरीतल्या फुल्यांपेक्षा हे फुले जवळचे वाटतात. पोरांना सांगावंसं वाटतं, की नोकरीच्या मागं चपला झिजवू नका, धंदा करा, चार पैसे मिळवा आणि मग ताठ मानेनं बोला.

शंकेखोर : ऐकायला बरं वाटतं. पण मी एकतीस वर्षं सरकारी कामांवर मोजमापाच्या वह्या लिहिल्या. ठेकेदार हा शब्द कानावर आला की माझा हात आपोआप टेपकडे जातो. वहीत पाच ब्रास आणि जागेवर तीन, असे ढीग मी किती पाहिलेत, ते आता मोजवत नाही. म्हणून तुझ्या या नव्या तसबिरीकडेही मी टेप घेऊनच बघणार. पहिली गोष्ट, तू जोतिरावांचा चेहरा रंगवतोयस की स्वतःचा? व्यापारी आणि वर सार्वजनिक पदावरचा माणूसच दाखवायचा असेल तर मुंबईचे नाना शंकरशेठ आहेत की. घरचीच पेढी, रेल्वे आणण्यात पुढाकार, १८६२ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात. तिथं सगळं कसं बसतं. फुल्यांना त्या चौकटीत कोंबायला गेलास तर त्यांचंच अंग कापावं लागेल. दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. तू सांगितलेली कामं कुणाची? सरकारची. बिलं कोण काढणार? सरकार. आणि नगरपालिकेत त्या वेळी निवडणूक नव्हती, सभासद नेमले जात. नेमणार कोण? तेही सरकारच. म्हणजे उजव्या हाताला सरकारचा पैसा, डाव्या हाताला सरकारची खुर्ची. अशा माणसाला आपल्या गावात काय म्हणतात ते तुला माहीत आहे.

कैवारी : मिंधा म्हणतात. बोला की, घाबरता काय.

शंकेखोर : घाबरत नाही. शब्द तुझ्या तोंडून यावा असं वाटत होतं.

कैवारी : मग त्याच शब्दावर येऊ. मिंधेपण ओळखायचं कसं? माणूस कुणाकडून पैसे घेतो यावरून नाही, तर ज्याच्याकडून घेतो त्याच्यासमोर त्याला 'नाही' म्हणता येतं का यावरून. व्हाइसरॉय पुण्याला येणार म्हणून नगरपालिकेनं हजार रुपये खर्चायचे, असा प्रस्ताव अध्यक्षांनी आणला. बत्तीस सभासद. त्यांत वकील होते, सावकार होते, रावबहादूर होण्याची वाट बघणारे होते. एकट्या जोतिरावांनी विरोधात मत दिलं. शहरातल्या गरिबांकडून गोळा केलेला पैसा शिक्षणाला लागावा, कमानी आणि पताकांना नको, ही त्यांची भूमिका. तसंच दारूच्या दुकानांचं. १८८० साली त्यांनी पालिकेच्या कार्यकारी समितीच्या अध्यक्षाला पत्र लिहून गल्लोगल्ली परवाने देण्यावर हरकत घेतली. दारूचा महसूल कुणाच्या तिजोरीत जातो हे त्यांना कळत नव्हतं का? ज्याची खडकवासल्याची बिलं त्याच तिजोरीतून निघायची त्यानं हे लिहिलंय. तुमच्या एकतीस वर्षांत असा एक तरी ठेकेदार भेटला का?

शंकेखोर : नाही भेटला, कबूल. पण तुझी कसोटी मला पुरी पटत नाही. एकतीस जणांनी माना हलवल्यावर एकाचा विरोध सरकारलाही परवडतो. उलट त्यानं सरकारची शोभाच वाढते, की बघा, आमच्या सभेत मोकळेपणानं बोलता येतं. प्रस्ताव मंजूर झाला, कमानी उभ्या राहिल्या. मी म्हणेन, हजार रुपयांना 'नाही' म्हणणं त्यातल्या त्यात सोपं. हजाराच्या जागी खडकवासल्याचं अख्खं कंत्राट असतं तर? पुढचं ऐक. माझी नात बोस्टनला असते. गेल्या वर्षी तिनं मला तिथली एक जुनी मंडई दाखवायला नेलं. अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वी अमेरिका इंग्रजांचीच वसाहत होती, तेव्हाची. पीटर फॅन्युएल नावाच्या व्यापाऱ्यानं ती शहराला बांधून दिली, १७४२ मध्ये. खाली गाळे, वर सभागृह. त्याच सभागृहात पुढं इंग्रजांच्या करांविरुद्ध सभा भरल्या, म्हणून लोक त्या इमारतीला स्वातंत्र्याचा पाळणा म्हणतात. आणि फॅन्युएलचा धंदा काय? जहाजं, मासळी, दारू, आणि गुलामांची खरेदी-विक्री. पाळण्याच्या दोऱ्या त्या पैशातल्या. गंमत अशी, की ही देणगी घ्यायची की नाही यावर शहरात मतदान झालं होतं. घ्या म्हणणारे ३६७, नको म्हणणारे ३६०. गुलामांच्या पैशामुळं नव्हे. फिरते विक्रेते हवेत की पक्का बाजार, असा तो वाद. मी तिथं उभा राहून विचार करत होतो, की फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' ज्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं, गुलामांची सुटका केली म्हणून, त्यांतल्याही काहींनी याच छताखाली भाषणं केली असतील. गुलामांच्या पैशाच्या छताखाली गुलामीविरुद्ध. पैसा असा असतो बाबा. तो कुठून आला आणि त्यातून पुढं काय उभं राहिलं, याचा हिशोब एका पानावर जुळत नाही.

कैवारी : मंडईचा विषय तुम्हीच काढलात, हे बरं झालं. आपल्या पुण्याच्या मंडईवर कुणाचं नाव आहे?

शंकेखोर : महात्मा फुल्यांचं. माझे वडील बटाट्याची पोती घेऊन रात्री निघायचे, पहाटे त्या मनोऱ्याखाली गाडी लागायची. मार्केट यार्ड नंतरचं.

कैवारी : आणि ती मंडई बांधायला त्या काळी विरोध कुणी केला होता? जोतिरावांनीच. घडीव दगडाची, आठ बाजूंची, मधे मनोरा असलेली एवढी खर्चिक इमारत कशाला, तो पैसा शाळांना द्या, हे त्यांचं म्हणणं. पालिकेनं ऐकलं नाही. १८८६ मध्ये ती उघडली, गव्हर्नर रे साहेबाच्या नावानं रे मार्केट झाली. पुढं आचार्य अत्रे पालिकेत असताना तिला फुल्यांचं नाव मिळालं. आता तुमचं बोस्टन शेजारी ठेवा. तिथं ज्यानं पैसे दिले त्याचं नाव भिंतीवर राहिलं. इथं ज्यानं 'पैसे घालू नका' म्हटलं त्याचं. मला तर हे फार आवडतं. आणि अजून एक सांगतो, आप्पा. हा विरोध एखाद्या शाळामास्तरानं केला असता तर लोक म्हणाले असते, याला दगडाचा भाव काय कळतो. जोतिरावांना कळत होता. घडीव दगडाला साध्या दगडाच्या किती पट मजुरी लागते, चुना किती खपतो, गाड्या किती लागतात, हे त्यांना पाठ होतं. बांधकामातला माणूस म्हणतो 'ही इमारत नको', तेव्हा तो आपल्याच धंद्याच्या विरुद्ध बोलतो. त्या मताला वजन आहे.

शंकेखोर : वजन आहे, हे मान्य. विरोध करून हरले आणि हरलेल्या जागी नाव लागलं, यात फुल्यांची जीत आहे की थट्टा, हे मला अजून ठरवता येत नाही. आम्ही भाजीवाले मात्र त्या इमारतीत खुशाल बसलो, हेही सांगून ठेवतो. पाऊस लागत नव्हता. म्हणजे त्यांच्या विरोधातही सगळं बरोबरच होतं असं नाही. पण मघाशी चुना म्हणालास, तिथं मला थांबायचंय. तुझ्या पिढीनं चुन्याचा घाणा पाहिलेला नाही. मी लहानपणी पाहिला. जमिनीत गोल चर, त्यात जड दगडी चाक, चाकाला आडवं लाकूड, लाकडाला बैल. चरात भिजवलेली कळी आणि वाळू टाकायची आणि बैलानं दिवसभर गोल फिरायचं. एक बाई खुरप्यानं कडेचा चुना परत चरात ओढायची. तिचे हात कोपरापर्यंत पांढरे आणि बोटांच्या पेरांना भेगा. ओल्या चुन्यानं कातडी जळते. संध्याकाळी ती हाताला गोडं तेल लावून बसायची. आता मला सांग, कात्रजला, येरवड्याला, खडकवासल्याला असे घाणे किती फिरले असतील? दगड फोडणारे वडार किती, पाट्या वाहणाऱ्या बाया किती? ठेकेदाराचा नफा कुठून निघतो ते तुला मी सांगायला नको. सरकारनं ठरवलेला दर आणि मजुराच्या हातावर पडलेली मजुरी, यांच्यामधल्या फटीतून तो निघतो. ती फट थोडी रुंद केल्याशिवाय शाळेला पैसा उरत नाही. तुझे 'जवळचे वाटणारे' फुले त्या फटीत उभे आहेत. तिथून त्यांना बाहेर कसं काढणार?

कैवारी : बाहेर काढायचंच नाही मला. त्यांना तिथंच उभं राहू द्या, कारण तिथं उभं राहिल्यामुळंच त्यांना जे दिसलं ते दुसऱ्या सुधारकांना दिसलं नाही. १८८३ चा 'शेतकऱ्याचा असूड' बघा. त्यात नुसते अश्रू नाहीत. डोंगरावरून वाहून जाणारी माती अडवायला ताली-बंधारे घाला, लष्कर आणि पोलिसांतले रिकामे हात त्या कामाला लावा, तळी-तलाव दुरुस्त करा, कालव्याचं पाणी शेताच्या मानानं तोटी बसवून द्या. हे कोण लिहू शकतो? ज्यानं बांध घातलाय तो. इंजिनिअर खात्यात पैसा कुठं झिरपतो, कालव्याचं पाणी ऐन वेळी कसं मिळत नाही, हे त्यांनी आतून पाहिलं होतं. मांजरीला त्यांनी स्वतः शेती केली. आज डिंभ्याच्या कालव्याला आवर्तन कधी सुटणार म्हणून आपण पाटकऱ्याच्या मागं फिरतो ना? ते दुखणं त्यांनी तेव्हाच धरलं होतं. आणि लिहिताना कुणाची भीड ठेवली नाही. गोरा अधिकारी असो की काळा कारकून. दीनबंधू साप्ताहिकात त्याचे दोन भाग छापले आणि पुढं छापणं थांबलं. त्या वेळी दीनबंधू चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे, मूळचे आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे, त्यांचेच सहकारी. जोतिरावांनी त्यांनाही भेकड म्हणायला कमी केलं नाही. सरकारच्या बिलावर जगणारा माणूस सरकारविरुद्धचं लिखाण छापायला मित्र कचरतो म्हणून चिडतो. मिंध्या माणसाची ही लक्षणं नव्हेत.

शंकेखोर : थांब. 'गुलामगिरी'त धोंडीबा आणि जोतीराव बोलतात, त्यात धोंडीबा दर पानावर पटलं पटलं म्हणत जातो. मला धोंडीबा करू नकोस. तू एक गोष्ट सिद्ध केलीस, की ते मिंधे नव्हते. मी ती मान्य केली. पण मी विचारलं होतं मजुराचं, आणि तू उत्तर दिलंस शेतकऱ्याचं. असूड शेतकऱ्याचा आहे. घाण्यावरच्या बाईचा असूड कुठंय?

कैवारी : जुन्नरला आहे.

शंकेखोर : म्हणजे?

कैवारी : जुन्नर काही लांब नाही. घोड ओलांडली, नारायणगाव मागं टाकलं की आलं. १८८५ मध्ये तिकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या जमिनी कसायला नकार दिला. दंगा नाही, जाळपोळ नाही. दहा वर्षांपूर्वी सुप्याला दंगा झाला होता, वह्या-खतं जाळली होती. शेतकऱ्यांच्या कर्जाबाबतचा १८७९ चा कायदा त्यातूनच आला. जुन्नरला वेगळं झालं. नांगर धरायचाच नाही, एवढंच. जमिनी पडीक राहिल्या. त्यामागं जोतिराव आणि त्यांची सत्यशोधक माणसं होती. ओतूरला तर समाजाचा पायाच पक्का होता. आता मी ठेकेदार म्हणून सांगतो. काम बंद पडलेला एक दिवस काय असतो, हे मालकाला जेवढं कळतं तेवढं कुणालाच कळत नाही. मुकादमाचा फोन येतो, की आज माणसं आली नाहीत, आणि आपल्या पोटात गोळा येतो. मशीन उभं, सिमेंट गोठतंय, मुदत संपत आलीय. हातानं काम करणाऱ्याची खरी ताकद त्याच्या न येण्यात असते. जोतिरावांना ही गोष्ट पुस्तकातून कळली नसणार. ती कळायला आयुष्यात कधी तरी साइटवर सकाळी उभं राहून माणसांची वाट बघावी लागते.

शंकेखोर : हे मात्र तू नवीन बोललास. मी असा विचार केला नव्हता. पण तुझ्याच बोलण्यातून माझी शंका आणखी धारदार होते, बघ. ही ताकद त्यांना कळली ती कुठल्या बाजूनं? मालकाच्या. वाट बघणाऱ्याच्या. आणि ती त्यांनी शिकवली कुणाला? सावकाराच्या कुळांना. स्वतःच्या साइटवरच्या माणसांना त्यांनी ती शिकवली असती तर? लोखंड्यांनी ते काम पुढं केलं, मुंबईच्या गिरण्यांत. म्हणजे ज्याला भेकड म्हटलं त्यानं कामगारांची संघटना बांधली. इतिहासात अशी कोडी असतात आणि जयंतीच्या भाषणात आपण ती चहाबरोबर गिळून टाकतो. मी त्यांच्यावर आरोप करत नाही. प्रत्येक माणूस सगळीकडे लढत नाही. पण तुझ्या पोरांना 'धंदा करा आणि ताठ मानेनं बोला' सांगताना हेही सांगशील का, की ताठ मानेखाली कुणाचा तरी खांदा असतो?

कैवारी : सांगेन. पण मग हेही सांगेन, की त्या पैशाचं आणि त्या पतीचं त्यांनी केलं काय. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाणाच्या बदनामीवरून टिळक-आगरकरांवर खटला झाला, तेव्हा जामिनाला दहा हजारांचा माणूस हवा होता. जोतिरावांच्या शब्दावर रामशेट उरवणे उभे राहिले. पुण्यात जोतिरावांना शिव्या देणाऱ्यांच्या छावणीतले ते दोन तरुण, आणि त्यांना सोडवायला जोतिरावांच्या ओळखीची पेढी. व्यापाऱ्याची पत काय कामाला येते ते बघा. सभेत टाळ्या घेणारे शंभर असतात, जामीन राहणारा एक सापडतो. आणि शेवटी त्यांच्याकडे उरलं काय? १८८८ मध्ये अर्धांगाचा झटका आला. कंपनी, शेती, सगळं ओसरलं. १८९० मध्ये त्यांचे स्नेही मामा परमानंद यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना लिहावं लागलं, की यांना मदत करा. तुमच्या त्या फटीतून जे मिळालं होतं ते सगळं बाहेर गेलं होतं. घरात साचलं नाही.

शंकेखोर : पैसा उरला नाही म्हणजे तो शुद्ध झाला, असं नाही रे. दारूतही उरत नाही. तू रागावू नकोस, मुद्दाम टोचून बोलतोय, कारण ही पळवाट मी फार लोकांना वापरताना पाहिलीय. आधी कसंही मिळवायचं आणि मग देवळाला घाट बांधायचा. फुल्यांनी तसं केलं असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, तुझ्या भाषणातून पोरांनी तसं शिकू नये. आणि आता खरं विचारतो. हे सगळं अकरा एप्रिलच्या भाषणासाठीच चाललंय, की दुसरंही काही आहे? परवा वाडीतली पोरं म्हणत होती, तू वॉर्डातून उभा राहणार.

कैवारी : विचार आहे.

शंकेखोर : आणि गटाराचं काम? ते पंचायतीचंच ना?

कैवारी : ते संपत आलंय. पुढचं लायसन धाकट्याच्या नावावर करतो.

शंकेखोर : ग्रामपंचायत अधिनियमातलं कलम १४ वाचलंस का? पंचायतीच्या कामात ज्याचा हिस्सा किंवा हितसंबंध असेल तो सभासद राहू शकत नाही. प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष. तो दुसरा शब्द धाकट्यासाठीच लिहिलाय.

कैवारी : म्हणजे त्या कलमाखाली जोतिरावही अपात्र?

शंकेखोर : नाही. त्यांचे ते मोठे ठेके सरकारच्या बांधकाम खात्याचे, आणि सभासद होते पालिकेचे. कागदावर ते सुटतात. पण कलमाला फक्त हिस्सा मोजता येतो. मिंधेपण त्याला मोजता येत नाही, आणि ताठपणही नाही. तू कलमातून सुटशील आणि मिंधा राहशील, किंवा अडकशील आणि सरळ असशील. दोन्ही होऊ शकतं. जोतिरावांचं उदाहरण तुला इथं कामाला येत नाही, कारण त्यांना बत्तीस जणांत एकटं पडायची सवय होती. तुला आहे का, हे मला कसं कळणार?

कैवारी : मलाही उभं राहिल्याशिवाय कसं कळणार, आप्पा?

शंकेखोर : बरं. भाषणाचा मथळा काय लिहिणार? फलकवाला उद्या सकाळी येतोय.

कैवारी : व्यापारी, शेतकरी, म्युनिसिपल कमिशनर. त्यांनी लिहिलं त्याच क्रमानं.

शंकेखोर : गटाराचं शेवटचं बिल निघालं का?

कैवारी : मोजमाप राहिलंय.

शंकेखोर : मग फलकवाल्याच्या आधी मी टेप घेऊन येतो.